तबकडीवरचं गाऱ्हाणं

रत्नागिरीत आमचा रॉक बँड होता असं मी सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग पोटाकडे बघतात आणि मग विषय बदलतात. बदलू देत. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला तो होता, तिघांचा होता, आणि त्याची एक तबकडी निघाली. कॅसेट नव्हे. काळी, छोटी, मधे मोठं भोक असलेली, मिनिटाला पंचेचाळीस फेरे मारणारी तबकडी. तिच्या एका बाजूला आमचं गाणं आहे. दुसऱ्या बाजूला जे आहे, त्याच्यासाठी हे लिहायला बसलोय.

तिघांत मी गायक. दिवसा कचेरीत कारकून. खिडकीत बसून लोकांचे अर्ज घ्यायचे आणि महिन्याभरानं त्याच लोकांना ते परत करायचे, हे माझं काम. ड्रम वाजवायचे ते प्राथमिक शाळेतले गुरुजी. त्यांच्या घराण्यात नमन-खेळ्यांतला मृदंग, त्यामुळे हात तयार. पण नमन उजाडेपर्यंत चालतं. तीन मिनिटांत गाणं संपवायचं असतं हे त्यांना अखेरपर्यंत पटलं नाही. "आत्ता कुठं हात गरम झाला," असं म्हणेपर्यंत आमचं गाणं संपलेलं असायचं. आणि तिसरा आमचा गिटारवाला. पावसचा, तेविशीचा, बोलायला कमी. तो वाजवायला लागला की मी गातोय हे मीच विसरायचो. खोटं कशाला बोलू, बँड म्हणजे तोच होता. आम्ही दोघं आपले भरीला.

त्याची गिटार त्याच्या वडिलांनी आणलेली. वडील बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. वाऱ्याच्या वरताण ओरडून तीस माणसं कामाला लावायची, अशी तीस वर्षं काढून घरी परतलेले. सगळा पावस त्यांना सारंगकाका म्हणायचा. त्यांच्या ओटीवर जर्मन रेडिओग्राम होता, त्याच्यावर क्रोशाचं झाकण. भिंतीवर हवेचा दाब सांगणारं पितळी यंत्र, एक कुकू करणारं घड्याळ आणि ही गिटार. ह्या सगळ्या वस्तू वापरायला नव्हेत, असायला आणलेल्या. पोरानं दहावीच्या सुट्टीत गिटार खिळ्यावरून खाली काढली तेव्हा काका म्हणाले होते, "भिंतीवरचा डाग दिसायला लागला." त्याहून जास्त काही बोलले नव्हते.

पण त्या घरात पोरानं बोटीवर जायचं हे ठरलेलं होतं. तो सात वर्षांचा असताना काकांनी देवळात चार माणसांसमोर सांगून टाकलं होतं, की हा माझ्यामागं बोटीवर जाणार. आणि सारंगकाकांचा शब्द म्हणजे काय, ते पावसात कुणालाही विचारा. एकदा ते रागाच्या भरात बोलून गेले होते की ह्या न्हाव्याकडे पुन्हा पाय ठेवणार नाही. राग तासाभरात गेला, पण अकरा वर्षं केस कापायला ते रत्नागिरीपर्यंत यायचे. न्हावी समोरच्याच घरात.

आता ह्यात गोम अशी, की पोराला पाणी सोसत नव्हतं. पूर्णगडच्या खाडीपलीकडे एका लग्नात आमचा कार्यक्रम होता. खाडी ती केवढी? पलीकडच्या बाईनं भात जाळला तर अलीकडे वास येतो एवढी. होडी काठ सोडून दहा हात गेली नाही तोच गिटारवाला पिवळा पडला. गिटार दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, वाकायला जागा शोधली, आणि सापडली ती नेमकी गुरुजींच्या उलट्या ठेवलेल्या बिनबुडाच्या ड्रममध्ये. गुरुजी शांतपणे म्हणाले, "वर्गात पोरं दप्तरात ओकतात तेव्हा मी काही बोलत नाही. आता तरी काय बोलू?" त्या रात्री लग्नात तो एक ड्रम मुका राहिला.

काकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. "सगळेच ओकतात," ते म्हणायचे. "मी सहा म्हैने ओकत होतो. सातव्या म्हैन्यात समुद्र कंटाळला."

त्या साली गणपती उठले आणि बोटीवर चढायला लागते ती पुस्तिका पोराच्या नावानं आली. आमच्याकडे तिला नळी म्हणतात. नळी आली, वैद्यकीय तपासणी झाली, आणि शिमगा झाला की मुंबईत हजर व्हायचं असं कळलं. गिटारवाला आठ दिवस जेवला नाही. नवव्या दिवशी, वाडीतली माणसं देवळाच्या कौलांचा विचार करायला सारंगकाकांच्या ओटीवर जमली होती, त्या सगळ्यांसमोर तो उभा राहिला. मी त्याला सरावासाठी न्यायला गेलेला, पायरीवर बसून होतो.

"बाबा, मी बोटीवर जाणार नाय. मी गिटार वाजवणार."

पंधरा माणसं कौलांवरून खाली उतरली. सारंगकाकांनी सुपारी कातरायची थांबवली. "वाजव की. गिटार वाजवून काय होतं?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ दिवसभर खिडकीत बांधलेली असते, बाहेर सुटली की उधळते. मी म्हटलं, "तबकडी निघते, काका."

"तबकडी?"

कुणीतरी म्हणालं, हल्ली तबकडी कोण काढतो, टेपच भरतात. काकांनी हात झटकला. "टेपात भाच्यानं आमचा बोकडपण भरलाय. टेप पुसता येते. तबकडी पुसता येत नाय. काढा तबकडी." मग पोराकडे वळून, अगदी सावकाश, प्रत्येक माणसाला ऐकू जाईल असं म्हणाले, "शिमग्याच्या आत तबकडी आणायची. माज्यासमोर लावायची. मी शेवटपर्यंत बसून ऐकली, तर ही नळी पेटीत जाईल. मधेच उठलो, तर तू बोटीवर. बोल्लो ते बोल्लो."

घ्या. सारंगकाका कुठल्याही गोष्टीला शेवटपर्यंत बसत नसत. कीर्तनातून उठायचे, लग्नाच्या पंगतीतून ताकाआधी उठायचे. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना बाजूला होऊन मांडवाची दोरी आवळून आले होते, असं काकीच सांगायच्या. ह्या माणसाला आम्ही रॉक ऐकवणार होतो.

गाणं मीच लिहिलं. दुसरं काय लिहिणार? प्रेमाचा मला अनुभव नव्हता, अर्जांचा होता.

"जोडला दाखला, जोडली पावती,
साहेब, आता सही कुणाची लागती?"

आणि मग तिघांनी मिळून ओरडायचं, "नामंजूर." त्यानंतर एक मोकळी जागा, तिथे गुरुजींनी ड्रमवर एकच दणका द्यायचा आणि मग गिटार सुटायची. असं सहा वेळा. गाण्याचं नावही 'नामंजूर'च. कचेरीत एकदा जेवणाच्या सुट्टीत मी ते गुणगुणलो तर साहेबांनी माझी बदली लांज्याला करायची भाषा केली, तेव्हा मला कळलं की गाणं जमलंय.

मुंबईत गिरगावात एक छोटी कंपनी होती. भजनं, अभंग, अंगाया, सत्यनारायणाची कथा असल्या तबकड्या काढायची. तिच्या स्टुडिओचे दोन तास आम्हाला मिळाले. जानेवारीतली गोष्ट. आम्ही तिघं एसटीनं निघालो, तर स्टँडवर सारंगकाका उभे. हातात पिशवी, डोक्यावर टोपी. "माजं बोटीच्या हापिसात काम हाय," म्हणाले. "ह्याच्या नळीवर एक सही राह्यलीय." म्हणजे पोरगा आत तबकडी काढणार आणि बाप त्याच खेपेला त्याच्या बोटीची सही घेणार. गिटारवाल्यानं खिडकीकडे तोंड केलं ते पनवेलपर्यंत वळवलं नाही.

सही झाली. तिथून काका आमच्याबरोबर स्टुडिओत आले. भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं, खाली गालिचा, आणि एका काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ. वयस्कर, कानाला डबडी लावलेले, मराठी कळत नसलेले. आम्ही वाद्यं मांडली. सुरू करणार, एवढ्यात काकांनी पिशवीतून नारळ काढला.

ह्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही, हे आधी सांगतो. आमच्याकडे विहीर खणायची तरी नारळ, पेरणीला नारळ, मुलगी बघायला निघालं तरी नारळ, आणि मग देवाला हाक मारून घालायचं गाऱ्हाणं. नारळाशिवाय काम सुरू झालं असतं तर आम्हालाच चुकल्यासारखं वाटलं असतं. प्रश्न दगडाचा होता. रॉक म्हणजे दगड असं मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं, तेव्हा आमच्या सामानात एखादा असेल अशी त्यांची समजूत. नव्हता. मग त्यांनी ड्रमच्या लोखंडी पायावर नारळ हाणला. एका घावात दोन शकलं झाली, आणि पाणी सरळ विजेच्या फळीत गेलं.

भप्प.

पंचवीस मिनिटं अंधारात बसलो. काचेपलीकडचे गृहस्थ मेणबत्ती घेऊन आले, वायरी पुसल्या, त्यांच्या भाषेत बरंच बोलले. काकांनी त्यांना खोबऱ्याचा तुकडा दिला. दिवे आले, गृहस्थ काचेमागे जाऊन बसले, आणि काकांनी टोपी सारखी करून, माइक समोर होता म्हणून त्याच्यासमोरच उभं राहून, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

गाऱ्हाण्यात सगळे देव यावे लागतात. गावचा आला, वेशीवरचा आला, वाडीचा आला, खाडीचा राखणदार आला. मग परक्या जागेत आलोय म्हणून त्या खोलीचा जागेवाला देव, त्या यंत्रांचा जागेवाला. दर वाक्याला आमचं व्हय म्हाराजा. गुरुजी ड्रमवर बसलेले, दर व्हय म्हाराजाला त्यांचा पाय आपोआप खाली येत होता आणि मोठा ड्रम धुम्म करत होता. गिटारवाला तारा जुळवत होता. हात तारांवर, तोंडानं व्हय म्हाराजा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून घामाघूम होत होतो. आता तुम्ही विचाराल, काका बोलत काय होते? मला नाही सांगता येणार. गाऱ्हाण्यातला शब्द न् शब्द कोण ऐकतो? ऐकायचं काम देवाचं. आपण सूर खाली आला की व्हय म्हणायचं.

संपलं. काचेमागून आवाज आला, "फर्स्ट नंबर ओके. एकदम बढिया." मला वाटलं, आवाज तपासून बघितला असेल.

मग आमचं 'नामंजूर' सुरू झालं आणि गुरुजी थांबेनात. दहा वेळा ते गाणं संपल्यावरही वाजवत राहिले. अकराव्या वेळी मी त्यांचा हात धरून ठेवला, म्हणून गाणं तीन मिनिटांत संपलं. तेवढ्यात दोन तास उलटले. आमचं दुसरं गाणं राहिलंच. मी काचेपलीकडे जाऊन विचारलं, दुसरी बाजू? "दोनो साइड हो गया," ते म्हणाले आणि एक फॉर्म पुढे सरकवला. त्यांना वाद घालायचा नव्हता आणि मलाही. अजून बोलत बसलो असतो तर काकांच्या पिशवीतून दुसरा नारळ निघाला असता. मी न वाचता सही केली. आयुष्यभर खिडकीतून लोकांना 'वाचून सही करा' म्हणून खेकसलेला मी.

तबकड्या येता येईनात. फाल्गुन लागला. गिटारवाल्याची बॅग भरून ओटीवर ठेवलेली, आणि काकी रोज तिच्यात काहीतरी भरायच्या न् काहीतरी काढायच्या. होळी दोन दिवसांवर आली तेव्हा दुपारच्या गाडीनं खोका आला. मी कचेरीतून पोट दुखतंय सांगून निघालो, आणि स्टँडवरच, गाडीच्या चाकाशी बसून आम्ही तो फोडला. वरच्या तबकडीवर छापलं होतं: बाजू पहिली, भक्तिगीत. उलटून पाहिली. बाजू दुसरी, इंग्लिश म्युझिक.

माझं डोकंच फिरलं. इंग्लिश? 'जोडला दाखला' इंग्लिश? आणि पहिल्या बाजूला कुण्या भजनी मंडळाचं गाणं आमच्या तबकडीवर ठोकून दिलेलं. मी त्या कंपनीचा उद्धार केला तो स्टँडवरचे हमाल अजून सांगत असतील. गुरुजी म्हणाले, "निदान आपली एक बाजू आहे ना? चला." ऐकून बघायला रत्नागिरीत आमच्यापैकी कुणाकडे यंत्र नव्हतं. पुढची गाडी धरून पावसला गेलो.

काकांच्या ओटीवर कौलांची तीच पंधरा माणसं, शिवाय त्यांची बायकामुलं. शर्त काय होती ते पाच महिन्यांत सगळ्या वाडीला तोंडपाठ. रेडिओग्रामवरचं क्रोशाचं झाकण त्या दिवशी पहिल्यांदा निघालं. काकांनी खिशातून नळी काढून झाकणाच्या जागी ठेवली, समोर खुर्ची ओढली, गुडघ्यांवर हात ठेवले. "लावा."

गिटारवाला पुढे होईना, म्हणून सुई मी ठेवली. इंग्लिश म्युझिक.

आता स्वतःचं कौतुक नको, पण गिटार अशी काही सुटली की कुकूच्या घड्याळातला पक्षी बिनवेळेचा बाहेर येईल असं वाटलं. मी गायलो. दाखला जोडला. पावती जोडली. नामंजूर. दणका. आणि दुसरं कडवं सुरू व्हायच्या आत सारंगकाका उठले.

"शिंपणं राह्यलंय," म्हणाले आणि माडांकडे निघाले.

मी सुई उचलली. गिटारवाला खाली जमिनीकडे बघत उभा होता. मला त्या क्षणी त्या म्हाताऱ्याचा एवढा संताप आला, की तबकडी फेकून मारावीशी वाटली. "काका, अर्धं मिनिटसुद्धा झालं नाही," मी ओरडलो. पायरीवरून आवाज आला, "बोल्लो ते बोल्लो."

तेव्हा काकी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आल्या. हाताला पीठ. मला म्हणाल्या, "तबकडीला दोन बाजू असतात ना?"

"काकी, ती बाजू आमची नव्हे. कुणाचंतरी भजन घातलंय त्यांनी."

"असू दे. देवाचं हाय तर लाव."

मी तबकडी उलटली. सुई ठेवली. जरा खरखर, मग खोलीभर आवाज.

"...ह्या खोलीच्या, ह्या यंत्राच्या जागेवाल्या म्हाराजा..."

काकांचा एक पाय चपलेत, एक पायरीवर. ते तसेच थांबले. ओटीवरच्या पंधराच्या पंधरा माणसांनी हात जोडले. आवाज यंत्रातून येतोय की माणसातून, हे बघायला आमच्यात कुणी थांबत नाही. गाऱ्हाणं चालू असताना हलायचं नसतं. वाडीत कुणी कधी हललेलं नाही. काकांनी चप्पल काढली, उलट आले, खुर्चीत बसले आणि हात जोडले. रेडिओग्राममधले काका बोलत होते आणि खुर्चीतले काका वाडीबरोबर म्हणत होते, "व्हय म्हाराजा." गुरुजींचा ड्रम धुम्म.

"ह्या पोरांनी जो घाट घातलाय तो तडीस ने. ह्या काचेमागच्या माणसाला राग आला असंल तर शांत कर."

"व्हय म्हाराजा." धुम्म.

"काय चुकलं-माकलं असंल तर पोटात घाल."

"व्हय म्हाराजा." धुम्म.

"आणि म्हाराजा, हा पोरगा सात वर्षांचा होता तेवा मी बोल्लो, ह्याला बोटीवर धाडीन. तुज्याच देवळात बोल्लो. ह्याला पाणी सोसत नाय, मला काय दिसत नाय? पण माजा शब्द माज्यानं मोडवत नाय रे. तुज्यानं मोडत असंल तर तू मोड."

तबकडीवर आम्ही तिघं म्हटलं, "व्हय म्हाराजा." माझा आवाज, गुरुजींचा आवाज, आणि तार जुळवता जुळवता, लक्ष नसताना म्हटलेला पोराचा. ओटीवर ह्या वेळी कुणीच काही म्हटलं नाही. गिटारवाल्यानं मान वर केली आणि पहिल्यांदाच बापाकडे नीट पाहिलं. बाप अर्ध्या हातावर उभा राहून हे बोलला होता, आणि आम्ही तिघांनी त्याला सवयीनं रुकार दिला होता.

सुई मध्यावर जाऊन नुसतीच फिरायला लागली. काका पुढे बघत बसले होते, हात जोडलेलेच. मग म्हणाले, "ती इंग्लिशची लाव. मघाशी अर्धी राह्यली."

मी लावली. गिटार सुटली, मी दाखला जोडला, पावती जोडली. काका खुर्चीत. दुसरं कडवं गेलं, तिसरं गेलं. त्यांच्या कपाळाच्या शिरा ताठ झाल्या होत्या, डोळे मिटलेले, पण माणूस जागचा हलला नाही. सहाव्यांदा आम्ही ओरडलो, "नामंजूर," आणि त्याच्यापुढच्या मोकळ्या जागेत, गुरुजींच्या दणक्याबरोबर, सारंगकाका अगदी हळू म्हणाले, "व्हय म्हाराजा."

काकी पुढे झाल्या. पदराला हात पुसून त्यांनी रेडिओग्रामवरची नळी उचलली आणि आत पेटीत ठेवून आल्या.